पाळणा कोणत्या वाटेने थांबत गेला

कर्नाटकातल्या कागवाडची सून महाराष्ट्रातल्या मिरजेच्या दवाखान्यात बाळंत झाली, तर ते बाळ कुणाच्या हिशेबात धरायचं? कायद्याचं उत्तर सरळ आहे: मिरजेच्या. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्म जिथे झाला तिथल्या निबंधकाकडे २१ दिवसांत नोंद जाते. आईबाप राहतात कुठे, हे त्याच फॉर्मच्या एका रकान्यात पडून राहतं. तायी कार्ड (गरोदर बाईचं सरकारी नोंदकार्ड) कर्नाटकचं, रेशनकार्ड कर्नाटकचं, जन्मदाखला महाराष्ट्राचा. निपाणीकडच्या बाळंतिणी कोल्हापूरला जातात, खानापूर तालुक्यातल्या बायका बेळगाव शहरात येतात. पहिलं बाळंतपण तर माहेरचं. माहेर चंदगडला असेल, गडहिंग्लजला असेल, गोव्यातही असेल.

सीमाभागातल्या घटत्या जन्मदराचा विषय निघाला की कुणीतरी ग्रामपंचायतीचं जुनं जन्मरजिस्टर पुढे करतं. पूर्वी पानं भरलेली, आता वर्षाला चार ओळी. रजिस्टर खोटं बोलत नाही, पण त्यात दिसते ती मुख्यतः घरची बाळंतपणं बंद झाल्याची खूण. कर्नाटकात दवाखान्यात होणारी बाळंतपणं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ साली ६५ टक्के होती, २०१९-२१ मध्ये ९७ टक्के. सुईण गेली आणि तिच्याबरोबर गावातली नोंदही शहराला गेली. जन्म खरोखरच घटलेत, पण ती घट मोजायची जागा वेगळी आहे.

जनगणनेच्या गाववार तक्त्यात ० ते ६ वयाची मुलं वेगळी दिलेली असतात. तिथून सुरुवात करावी. समजा, गाव ४,००० वस्तीचं आणि ० ते ६ ची मुलं ४८०. शून्य ते सहा म्हणजे सात वर्षांचे जन्म. सहाने भागायची चूक सर्रास होते आणि जन्मदर फुकटचा सतरा टक्क्यांनी वाढतो. ४८० भागिले ७, म्हणजे वर्षाला ६९. ही जगलेली मुलं झाली. मधल्या काळात दगावलेली धरायला पाच टक्के मिळवले की ७२. हे जन्म सरासरी साडेतीन वर्षांपूर्वीचे, तेव्हा गाव ३,८५० चं होतं असं धरू. ७२ ला ३.८५ ने भागलं की हजारी १८.७. एवढ्या हिशेबाला एक पेन्सिल पुरते.

मात्र या आकड्याला तीन ठिकाणी कीड लागते. पहिली वयाची. तान्ही बाळं, विशेषतः बारसं न झालेली, गणतीतून सुटतात, आणि मोठ्या मुलांचं वय ‘पाच’ नाहीतर ‘सात’ असं गोल सांगितलं जातं. दुसरी कीड खास आपल्याकडची, उसाची. २०११ ची गणती ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, म्हणजे गाळप हंगाम भरात असताना. गणतीच्या संपूर्ण काळात जो घरी नाही तो जिथे सापडेल तिथे मोजला जातो. बीड, विजयपूरकडच्या ऊसतोड टोळ्या पोराबाळांसकट चिकोडी, रायबाग, अथणी, कागवाडच्या फडांवर असतात. तेवढी पोरं त्यांच्या गावच्या तक्त्यातून उणी होतात आणि इकडच्या गावात चढतात. तिसरी कीड कामासाठी बाहेर राहणाऱ्यांची. खानापूरच्या जंगलपट्टीतली तरुण मंडळी गोव्यात, पुण्यात. गावात म्हातारे, बायका, मुलं. भागायचा आकडाच लहान झाला की जन्मदर उगाच जास्त दिसतो. म्हणून जाणकार लोक एकूण लोकसंख्येने भागतच नाहीत. १५ ते ४९ वयाच्या बायकांमागे ० ते ४ वयाची मुलं किती, हे गुणोत्तर घेतात. त्यात घोळ कमी.

क्रिस्तोफ गिल्मोतो आणि एस. इरुदय राजन यांनी असंच मुलं-स्त्रिया गुणोत्तर वापरून १९५१ पासूनच्या जनगणनांतून भारताचे जिल्हावार नकाशे काढले. पावसाच्या नकाशावर जशा समान पावसाच्या रेषा असतात, तशा यांनी समान जन्माच्या रेषा आखल्या. वेगवेगळ्या दशकांचे नकाशे शेजारी ठेवले तर घट किनाऱ्यावरून आणि दक्षिण टोकाकडून आत सरकताना दिसते, आणि तीही सलग. शेजारच्या जिल्ह्याला ओलांडून दूरवर उडी मारल्याची उदाहरणं थोडी. उत्पन्न, साक्षरता, शहरं यांचे नकाशे इतके गुळगुळीत नसतात. त्यांत ठिगळं असतात. जन्मदराचा नकाशा मात्र शेजाऱ्याचं बघून बदलतो.

‘बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी’ ही घोषणा सीमाभागात लहान पोरालाही पाठ असते. राजकारण बाजूला ठेवून ती या नकाशावर ठेवून बघा. कारवार किनाऱ्यावर, गोव्याला खेटून. १९९२-९३ च्या पहिल्या कुटुंब आरोग्य पाहणीतच गोव्यात बाईमागे मुलं १.९ होती, म्हणजे दोनाच्या आत. २०१९-२१ मध्ये ती १.३ होती. दुसरं टोक बिदर-भालकी. तिथला कल्याण-कर्नाटकचा पट्टा राज्यात सगळ्यात उशिरा उतरला. बेळगाव मधोमध, भूगोलातही आणि आकड्यातही. जुना कारभारही तसाच विभागलेला होता. कारवार १८६२ पासून मुंबई इलाख्यात, बेळगावही मुंबई इलाख्यात, तर बिदर-भालकी निजामाच्या राज्यात. १९५६ च्या १ नोव्हेंबरला सगळे एका म्हैसूर राज्यात आले, पण माहेरं, बाजार, शाळा आणि वर्तमानपत्रं तारीख बघून बदलत नसतात.

हे असं सलग सरकणं का घडतं, याचं सगळ्यात बारीक काम युरोपात झालंय. अन्स्ली कोल यांनी प्रिन्स्टन विद्यापीठात १९६३ साली युरोपभरच्या सहाशेहून जास्त प्रांतांचा जन्मदर मोजायचा प्रकल्प हाती घेतला. अडचण अशी, की जन्म कमी झाले ते लग्नं उशिरा झाली म्हणून, की लग्नानंतर लोक थांबले म्हणून? दोन्ही वेगळं करायला कोलनी एक फूटपट्टी घेतली. अमेरिका-कॅनडात हटराइट नावाचा शेतकरी धर्मपंथ आहे. आरोग्य चांगलं, संततिनियमन वर्ज्य, तेव्हा बाईमागे दहाच्या वर मुलं. त्यांच्यात २० ते २४ वयाच्या हजार लग्न झालेल्या बायकांना वर्षाला ५५० मुलं व्हायची; २५ ते २९ ला ५०२, ३० ते ३४ ला ४४७, ३५ ते ३९ ला ४०६, ४० ते ४४ ला २२२ आणि पुढच्या पाच वर्षांत ६१. आपल्या प्रांतातल्या त्या त्या वयाच्या विवाहित बायकांची संख्या या दरांनी गुणायची, बेरीज करायची, आणि प्रत्यक्षात विवाहित बायकांना झालेले जन्म त्या बेरजेने भागायचे. १ आलं तर हटराइट. ०.७ च्या आसपास रेंगाळत असेल तर कुणी मुद्दाम थांबत नाही. त्या पातळीवरून १० टक्के उतरलं आणि परत वर गेलं नाही, की ते साल त्या प्रांताच्या घटीचा आरंभ.

याहून सोपी खूण आपल्या भाषेत आहे: शेंडेफळ. घट सुरू होते तेव्हा विशीतल्या बायकांचे जन्म जवळपास तसेच राहतात. आधी नाहीसे होतात ते ३५ नंतरचे. जुन्या कुटुंबात थोरल्या लेकीचं लग्न झालेलं आणि आई पुन्हा बाळंत, मामा-भाचे एका वयाचे, हे नवलाचं नव्हतं. मग जावयासमोर पोटुशी दिसायची लाज वाटू लागली. जॉन काल्डवेल, पी. एच. रेड्डी आणि पॅट काल्डवेल यांनी दक्षिण कर्नाटकातल्या खेड्यांत केलेल्या अभ्यासात, नातवंडं झाल्यावर नवरा-बायकोनं वेगळं निजण्याची ही रीत नोंदवली आहे. म्हणजे थांबण्याची कल्पना गावाला सरकारनं शिकवली असं नाही. नवं होतं ते दोनावर, तिशीच्या आत थांबणं.

कोल यांच्या प्रकल्पाचा निकाल अनेकांना रुचला नाही, कारण तो सोयीचा नव्हता. समजूत अशी होती की आधी कारखाने, मग शहरं, मग बालमृत्यू कमी, मग मुलं कमी. प्रत्यक्षात फ्रान्स १८०० च्या सुमारालाच उतरू लागला, तेव्हा तिथले ७० टक्के पुरुष शेतीत होते. जगाचा कारखाना असलेलं इंग्लंड १८९२ पर्यंत थांबलं; शेतीत उरले होते जेमतेम १५ टक्के. बल्गेरिया १९१२ ला उतरला, पुन्हा ७० टक्के शेतीवाले. बालमृत्यूचंही तसंच: जर्मनीत आरंभाच्या वेळी हजारी दोनशेच्या वर मुलं वर्षाच्या आत दगावत होती, आयर्लंडमध्ये सत्तरच्या आसपास, आणि आयर्लंड उतरला जर्मनीच्या चाळीस वर्षं नंतर. साधन म्हणावं तर तेही नवं नव्हतं. गोळी नाही, तांबी नाही. बहुतेक ठिकाणी पुरुषानं वेळेवर बाजूला होणं, एवढंच. ते माहीत असायला वीज लागत नाही.

मग या सालांना जुळणारा नकाशा कुठला, तर भाषेचा. स्पेनमध्ये कातालान बोलणारा कातालोनिया आधी उतरला. आणि बेल्जियम तर सीमाभागातल्या वाचकानं मुद्दाम बघावा असा देश आहे: मधून भाषेची रेघ, वर फ्लेमिश, खाली फ्रेंच बोलणारे वालून, रेघेवरच्या गावांचे वाद पिढ्यान्‌पिढ्या चाललेले. रॉन लेस्तॅग यांनी रेघेच्या दोन्ही बाजूंची, जमीन, धंदा, शिक्षण यांत सारखी असलेली गावं जोडीजोडीनं तपासली. फ्रेंच बोलणाऱ्या बाजूला जन्म आधी उतरले, फ्लेमिश बाजूला नंतर. माती एक, पाऊस एक, बाजार जवळचे. पण वालून घरात पॅरिसचं बोलणं, वाचन, पाहुणे येत होते आणि फ्लेमिश घरात येत नव्हते. अर्थशास्त्रज्ञ एन्रिको स्पोलाओरे आणि रोमाँ वाच्झिआर्ग यांनी हेच गणिताने मांडलं: एखाद्या प्रदेशाची बोली फ्रेंचपासून जितकी दूर, तितकी तिथली घट उशिरा.

कोल यांनी स्वतः तीन अटी सांगितल्या होत्या. मुलं किती हा विचार करण्याजोगा विषय आहे हे आधी मान्य व्हायला हवं. मग कमी मुलांत फायदा दिसायला हवा. मग उपाय ठाऊक हवा. पहिली अट सगळ्यात अवघड. ‘देवाची देणगी’ म्हणणाऱ्या घरात दुसरी आणि तिसरी अट दारातच थांबतात. आणि पहिली अट भाषणाने पुरी होत नाही. नणंदेने, जावेने, मावशीने केलेलं बघून होते. १८७७ साली लंडनमध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ आणि ॲनी बेझंट यांच्यावर संततिनियमनाची एक पुस्तिका छापल्याबद्दल खटला भरला, तेव्हा सरकारला ती दडपायची होती. झालं उलट, पुस्तिका लाखाच्या वर खपली. लोक वाचून शहाणे झाले की नाही याचा वाद आहे, पण ती गोष्ट उघड बोलता येते हे सगळ्या इंग्रजी वाचणाऱ्या जगाला कळलं. याच ॲनी बेझंट पुढे १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षा झाल्या.

मराठीत हे बोलणं फार आधी आलं, हे मात्र आपण विसरतो. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत १९२१ साली संततिनियमन केंद्र काढलं. मेरी स्टोप्स यांचं लंडनचं केंद्रही त्याच वर्षीचं. १९२७ पासून १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं आणि त्यापायी खटले भरून घेतले. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधानसभेत डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. तो पडला. पण बेळगाव तेव्हा त्याच विधानसभेच्या हद्दीत होतं, म्हणजे हा वाद बेळगावकरांच्या घरचाच. आणि दक्षिणेला म्हैसूर संस्थानानं तर १९३० मध्येच सरकारी दवाखान्यांत संततिनियमन केंद्रं उघडायचा हुकूम काढला होता, जगात पहिल्यांदा म्हणतात तसा. बेळगाव या दोन झऱ्यांच्या मधोमध: एकीकडून मराठी छापील मजकूर, दुसरीकडून कन्नड सरकारी दवाखाना. फक्त १९५६ पर्यंत म्हैसूरचा हुकूम इथे लागू नव्हता आणि मुंबईचा मजकूर लिहिता-वाचता येणाऱ्या ब्राह्मणी घरांपलीकडे क्वचित जात होता. खेड्यात ही गोष्ट पोचली ती छापून नव्हे, सोयरिकीने.

सोयरिकीचं गणित नीट बघा. निपाणीची लेक कागलला दिली. सातव्या महिन्यात डोहाळजेवण, मग ती माहेरी येते. बाळंतपणाचे तीन महिने आई, चुलत्या, शेजारणी, सुईण यांच्यात जातात. तिकडे कुणी किती मुलांवर थांबलं, कुणी ऑपरेशन करून घेतलं, नंतर पाठ दुखते का, नवऱ्यानं काय म्हटलं, हे या तीन महिन्यांत बोललं जातं. मग ती सासरी जाते आणि इकडचं तिकडे नेते. वर्षाला एका गावात वीस लग्नं झाली तर वीस अशा वाटा उघडतात, आणि त्या सगळ्या एकाच भाषेतल्या, बहुतेक एकाच जातीतल्या. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत, विड्या वळायच्या ओसरीवर बायकांचं जे बोलणं चालतं ते दुसरं साधन. तिथे निदान जात थोडी सैल होते. राज्याची हद्द या वाटांना दिसतच नाही. हे बंगालीत मोजून दाखवलंय. अलका बसू आणि साजेदा अमीन यांच्या कामातून दिसतं, की बांगलादेशचे पश्चिम बंगालला लागून असलेले जिल्हे संततिनियमन वापरण्यात पुढे आहेत. देश दोन, सरकारं दोन, धर्माचं प्रमाण वेगळं, भाषा एक.

इथे भाषाभिमान्यांनी लगेच खूश होऊ नये. भाषा नुसती वाट आहे. वाटेवरून काय येतं ते फाटकावर ठरतं. क्वेबेकमध्ये फ्रेंचच बोलतात, पण चर्चचं फाटक बंद होतं. फ्रान्स दीडशे वर्षं आधी उतरला तरी क्वेबेकचे फ्रेंच कॅथलिक १९६० पर्यंत इंग्रजी बोलणाऱ्या कॅनडापेक्षा जास्त मुलं जन्माला घालत होते. फाटक उघडलं आणि एका पिढीत सगळं कोसळलं. शिवाय सुसान वॉटकिन्स यांनी दाखवलं, की १८७० मध्ये एकेका देशाच्या आत प्रांताप्रांतांत जे मोठे फरक होते ते १९६० पर्यंत पुसट झाले. सरकारी शाळा, एकच बाजार, एकच दवाखाना-यंत्रणा आली की बोलीच्या रेघा फिक्या होतात आणि राज्याची रेघ गडद होते.

आपल्याकडे राज्याची ही रेघ मुलांच्या संख्येत फारशी दिसत नाही. कर्नाटक आणि महाराष्ट्र १९९२-९३ ला दोन्ही २.९ च्या घरात, २०१९-२१ ला दोन्ही १.७. मधल्या वाटेत मात्र कर्नाटकानं घाई केली: १९९८-९९ ला कर्नाटक २.१, महाराष्ट्र २.५. ही घाई ऑपरेशनची. भारतातला कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम १९५२ चा, पण खेड्यात तो लोकांच्या लक्षात आहे तो आणीबाणीमुळे. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांच्या वर नसबंद्या झाल्या, बहुतेक पुरुषांच्या. महाराष्ट्र विधिमंडळानं १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं ते राहिलं. त्या धसक्यानं पुरुष जे बाजूला झाले ते कायमचेच. पुढे दुर्बिणीचं ऑपरेशन आलं आणि सगळा भार बाईवर. २०१९-२१ च्या पाहणीत कर्नाटकातल्या ५७ टक्के विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं, पुरुषांचं प्रमाण शून्यात जमा. तांबी, गोळी, निरोध हे बोलण्यापुरते.

युरोपात लग्नच उशिरा व्हायचं. सेंट पीटर्सबर्ग ते त्रिएस्त अशी रेघ ओढली तर पश्चिमेकडे बायका पंचविशीच्या आसपास लग्न करत आणि पुष्कळ जणी करतच नसत. जॉन हाजनल यांनी १९६५ मध्ये ती रेघ दाखवली. मुलं कमी करायची तर त्यांच्याकडे दोन नळ होते. आपल्याकडे लग्नाचा नळ कुणी हात लावू देत नव्हतं, म्हणून एकच नळ बंद करायचा राहिला आणि तो एकदम करकचून. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी लग्न, बाविसाव्यापर्यंत दोन मुलं, पंचविशीच्या आसपास ऑपरेशन. पाळणा लांबवणं हा शब्द भिंतीवर राहिला. लोकांनी पाळणा आधी भरभर हलवला आणि मग थांबवला. याचा एक तोटा हिशेबात दिसतो. पिढी बदलायला २३ वर्षं लागतात की २८, यावर त्याच दोन मुलांत लोकसंख्या किती वेळ वाढत राहणार हे ठरतं. दोनावर थांबूनही गाव वाढतच राहिलं, तर सरकार खोटं बोलतंय असं नाही. तरुण आया जास्त आहेत आणि त्या लवकर आई होताहेत.

घटीची दुसरी शेपटी जास्त वाईट. एक मुलगा हवाच, हा हट्ट तसाच राहिला आणि मुलं चारावरून दोनावर आली, तर काय होतं ते गणितानं बघा. जन्माला येणाऱ्या शंभरात मुली साधारण ४९. चार मुलांत एकही मुलगा नसण्याची शक्यता शंभरात सहा. दोन मुलांत तीच शंभरात चोवीस. हट्ट वाढला नाही, तरी अडचणीत आलेली घरं चौपट झाली. नेमकं तेव्हाच सोनोग्राफी मशीन तालुक्याला पोचलं. २००१ मध्ये ० ते ६ वयाच्या हजार मुलांमागे कोल्हापूर जिल्ह्यात मुली ८३९ होत्या. बेळगावात ९२१, जेव्हा कर्नाटकाची सरासरी ९४६ होती. दक्षिण महाराष्ट्राचा तो खड्डा सीमेवर थांबला नाही, उतरत उतरत बेळगावात आला. सोयरिकीच्या वाटेवरून लहान कुटुंब आलं, त्याच वाटेवरून हेही आलं. महाराष्ट्रानं गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा १९८८ मध्येच केला, पण तो सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडे, म्हणजे कर्नाटकात, चालत नव्हता. केंद्राचा १९९४ चा कायदा प्रत्यक्षात लागू झाला १ जानेवारी १९९६ ला.

बेल्जियमसारखी जोडगावांची तपासणी सीमाभागात करायची कुणाला हौस असेल, तर गावं निवडताना काळजी घ्यावी. जिल्ह्याच्या आकड्यावर जाऊ नये: खानापूरचा मुसळधार पाऊस, अथणीचं कोरडं माळरान आणि मलप्रभेचं सौंदत्ती-रामदुर्ग हे सगळं एका सरासरीत घातलं की कसलाच अर्थ राहत नाही. मातृभाषेचा तक्ता जनगणना तालुक्यापर्यंत देते, गावापर्यंत नाही. म्हणून गावाची भाषा शाळेच्या माध्यमावरून आणि मतदारयादीतल्या आडनावांवरून अंदाजावी लागते, आणि दोन्ही फसवतात. पाणी सारखं हवं, कारण कालव्याचं एक गाव आणि कोरडवाहू दुसरं घेतलंत तर उसाचाच परिणाम मोजाल. दवाखान्यापासूनचं अंतर सारखं हवं. जातींचं प्रमाण सारखं हवं, आणि हेच जुळवणं सगळ्यात कठीण. निपाणी-कागल, खानापूर-चंदगड या जोड्या सुरुवातीला बऱ्या.

आणि लहान गावात एका वर्षाचा आकडा कधीही वापरू नये. वर्षाला ३० जन्म होणाऱ्या गावात नुसत्या योगायोगाने हा आकडा २० ते ४० च्या मध्ये कुठेही जाऊ शकतो. अंदाजाचा नियम असा, की आकड्याचं वर्गमूळ काढायचं आणि त्याच्या दुपटीइतका चढउतार सोडून द्यायचा. ३० चं वर्गमूळ साडेपाच, म्हणजे अकरा इकडे किंवा तिकडे. पुढच्या वर्षी २२ झाले म्हणून ‘जन्म चौथ्या हिश्शाने घटले’ अशी बातमी होत नाही. पाच वर्षांची बेरीज घ्या. १५० ची ११० झाली तर मात्र बोला.

हा नियम शाळेच्या वादात फार उपयोगी पडतो. सीमाभागात मराठी शाळेचा पट उतरला की पहिलं बोट भाषाधोरणाकडे जातं, आणि त्या बोटाला कारणही आहे. पण एका पटात तीन घटी मिसळलेल्या असतात. कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात सहा वर्षांपूर्वी गावात जन्मलेली मुलं. ती ग्रामपंचायतीच्या रजिस्टरातून घेऊ नका, अंगणवाडीच्या घरोघर सर्वेतून घ्या, म्हणजे मिरजेत, कोल्हापुरात, माहेरी जन्मलेलीही त्यात येतील. दुसऱ्यात यंदा गावातली एकूण किती मुलं कुठल्याही शाळेच्या पहिलीत आहेत. सकाळी साडेआठला फाट्यावर उभ्या राहणाऱ्या पिवळ्या बसमधली धरून. तिसऱ्यात मराठी शाळेच्या पहिलीचा पट. पहिल्या रकान्यात वर्षानुवर्षं उतार असेल तर तो जन्मदराचा. पहिल्या आणि दुसऱ्यातला फरक गाव सोडून गेलेल्यांचा. दुसऱ्या आणि तिसऱ्यातला फरक तेवढा माध्यमाचा, म्हणजे इंग्रजीचा आणि कन्नडचा. तो पुन्हा दोन भागांत फोडायचा तर पिवळी बस कुठल्या शाळेची आहे हे विचारावं लागतं. पाच-पाच वर्षांच्या बेरजा करा आणि मग मोर्चाचं निवेदन लिहायला बसा. पहिल्या रकान्यातली घट तहसीलदाराच्या हातात नसते, तिसऱ्यातली असू शकते, आणि निवेदनात दोन्ही एकत्र घातल्या की तो जन्मदराकडे बोट दाखवून माध्यमाच्या प्रश्नातून सुटतो.